बालिमो स्टूल : ड्रेसाजची बैठक सुधारायला कितपत उपयोगी?

ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध हालचाली करून घेण्याच्या स्वारीत, सिटिंग ट्रॉटला (घोडा दुडक्या चालीत असताना सॅडलवर, म्हणजे खोगिरावर, बसूनच राहणं) उसळणाऱ्या रायडरला हमखास मिळणारी सूचना म्हणजे "कंबर सैल सोड." सोडायची कशी, हे मात्र चालत्या घोड्यावर उमगत नाही, तिथे पडू नये म्हणून शरीर आधीच आवळलेलं असतं. बालिमो स्टूल कामाला येतं ते इथे. जर्मनीतल्या ल्यूनेबुर्ग विद्यापीठात क्रीडाशास्त्र शिकवलेल्या एकार्ट मायनर्स यांच्या रायडरविषयक कामातून ते आलं. दिसायला साधं स्टूल, पण बैठक घट्ट बसवलेली नाही. खालच्या सांध्यावर ती पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि गोल कलते.

सगळा खेळ उंचीचा. पावलं पूर्ण टेकलेली, त्यांच्यात नितंबांच्या रुंदीएवढं अंतर आणि गुडघे नितंबांपेक्षा किंचित खाली, असं बसता आलं पाहिजे. स्टूल उंच पडलं तर टाचा उचलतात आणि मांड्या आवळतात. ठेंगणं पडलं तर कंबर मागे गोल होते, म्हणजे सरळ चेअर सीटचाच (खुर्चीत बसल्यासारखी, पाय पुढे गेलेली चुकीची बैठक) सराव. उंची कमी असलेल्यांनी पायांखाली फळी घ्यावी.

सुरुवातीला तळवे वर करून हात बुडाखाली घाला आणि बैठकीची दोन्ही हाडं चाचपा. वजन एकाच बाजूला जास्त असतं, हे बहुतेकांना इथेच कळतं. मग हात काढून आठ-दहा वेळा पुढे-मागे, तेवढंच डावी-उजवीकडे. हालचाल दोन-तीन सेंटिमीटरच. त्यानंतर बैठकीवर घड्याळाची तबकडी आहे असं धरा, पोटाकडे 12, पाठीकडे 6, आणि एकेका आकड्यावरून सावकाश फिरा. खरी माहिती इथे मिळते. एखाद्याचं वर्तुळ 7 वरून थेट 9 वर उडी मारतं. 8 सापडतच नाही. ज्या बाजूला उडी, त्या बाजूला वळणाऱ्या वर्तुळावर घोड्यावरही कंबर मोडते का, हे ट्रेनरने तपासून पाहावं. अडलेल्या जागी जोर लावू नका. वर्तुळ निम्मं लहान करा आणि श्वास सोडत पुन्हा जा.

नेहमीची चूक म्हणजे कंबरेऐवजी खांदे हलवणं. एक हात छातीच्या मधल्या हाडावर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर ठेवा. खालचा हात फिरला पाहिजे, वरचा जवळजवळ स्थिर. वेग वाढवला की दोन्ही हात एकत्र डोलायला लागतात, म्हणून घाई नको.

आता याची मर्यादा, आणि ती मोठी आहे. स्टूलवर हालचाल तुम्ही करता, घोड्यावर घोडा तुम्हाला हलवतो. वॉकमध्ये डावा मागचा पाय पुढे येताना घोड्याचं पोट उजवीकडे झुलतं आणि तुमचं डावं हाड खाली उतरतं. ते उतरू द्यायचं, मुद्दाम ढकलायचं नाही. स्टूलवर जोरजोरात घुसळायची सवय लागलेला रायडर सॅडलवरही तेच करतो, आणि घोडा पाठ खाली दाबून धरतो. म्हणून स्वार होण्याच्या अगदी आधी पाच-सात मिनिटं स्टूल, लगेच लंजवर (ट्रेनर लांब दोरीने घोडा गोल फिरवतो तेव्हा) रिकिबींशिवाय वॉक, हा क्रम ठेवा. रात्री घरी बसून केलं आणि दोन दिवसांनी घोड्यावर चढलं, तर फारसं काही उरत नाही. पायांचं आणि हातांचं काम हे स्टूल शिकवत नाही. सॅडलचा सर्वात खोल भाग मागे सरकलेला असेल तर आधी सॅडल बघा. स्लिप डिस्कवाल्यांनी फिजिओला विचारल्याशिवाय यावर बसू नये.

आपल्याकडे मागवायचं तर किमतीवर वाहतूक आणि आयातकराचा बोजा येतो. जिम बॉल स्वस्त, पण त्यात बूड रुतल्याने हाडांची जाणीव बोथट होते, शिवाय तो घरंगळतो. त्याऐवजी कडक लाकडी स्टूलवर हवेची बॅलन्स डिस्क (हवा भरायची चपटी गोल उशी) ठेवावी. हवा निम्मीच भरा. टम्म फुगवली की ती डगमगते आणि मांड्या पुन्हा आवळतात. डिस्कवर घड्याळाचा व्यायाम चांगला जमतो, फक्त बालिमोइतकी गुळगुळीत फिरत नाही. रोज अनेक रायडर येणाऱ्या रायडिंग स्कूलने एक बालिमो जरूर घ्यावं. एकट्या रायडरने आधी डिस्कवर महिनाभर काम करावं, आणि उरलेले पैसे लंजच्या धड्यांवर घालावेत.