अपाची स्पार्क: इंजिन दणकट आहे, तुमची तयारी तपासा

‘दहा मशीन जोडली, तरी रिपोर्ट जुन्या डेटाबेसपेक्षा उशिरा येतोय.’ स्पार्क, म्हणजे मोठ्या डेटाचं काम अनेक मशीनवर वाटून करणारं सॉफ्टवेअर, बसवल्यावर ही तक्रार हमखास येते आणि बऱ्याचदा तिच्यात तथ्य असतं. डेटा तीस-चाळीस जीबीच असेल, तर कामाचे तुकडे पाडण्यात आणि ते नेटवर्कवरून इकडून तिकडे हलवण्यातच वेळ जातो. नीट इंडेक्स केलेला डेटाबेस तेवढं काम एकाच मशीनवर ओढून नेतो. रात्री लावलेलं काम सकाळी ऑफिस उघडेपर्यंत संपेनासं झालं, मशीन मोठं करूनही भागेना, की मग स्पार्ककडे वळावं.

२००९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प २०१४ पासून अपाची फाउंडेशनच्या स्वतंत्र (टॉप-लेव्हल) प्रकल्पांपैकी एक आहे. परवाना मोफत. पण तुमच्या संस्थेच्या दृष्टीनं त्याचा खरा गुण वेगळाच: त्यात साधं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची नेहमीची भाषा) चालतं. वर्षानुवर्षं रिपोर्ट काढणारी माणसं पहिल्या आठवड्यातच कामाला लागू शकतात, आणि डेटातल्या खाचाखोचा त्यांनाच माहीत असतात. त्यांना बाजूला सारून फक्त नवे इंजिनिअर आणले, तर कोड सुंदर होतो आणि आकडे चुकतात.

सुरुवात एकाच रिपोर्टनं करा. तो कोण वापरतं आणि आकडा चुकला तर कोण ओरडणार, हे आधी ठरलेलं असावं. जुनी आणि नवी पद्धत महिनाभर शेजारी शेजारी चालवा. त्यात महिनाअखेर आलीच पाहिजे, कारण निम्म्या गडबडी तेव्हाच बाहेर पडतात. रोज तीन गोष्टी ताडून पाहा: ओळींची संख्या, रकमेच्या कॉलमची बेरीज, वेगवेगळ्या ग्राहकांची संख्या. ‘आधी सगळा डेटा एका जागी आणू, मग काय विचारायचं ते बघू’ म्हणणाऱ्यांच्या हाती अडगळीची खोली लागते.

या ताळमेळात एक चूक वारंवार सापडते. रकमेच्या कॉलममध्ये कुठल्याशा शाखेतून ‘१२,५००’ असा स्वल्पविरामासकट मजकूर येतो. जुन्या आवृत्त्यांत त्याचा आकडा करायला गेलं, की स्पार्क मुकाट्यानं तिथे नल (म्हणजे रिकामी नोंद) ठेवतो. बेरीज नल सोडून देते. जॉब (स्पार्कला दिलेलं काम) यशस्वी दिसतो, रिपोर्ट वेळेवर येतो आणि एकूण रक्कम कमी भरते. आवृत्ती ४.० पासून आन्सी मोड (एसक्यूएलचे प्रमाण नियम काटेकोर पाळायला लावणारी सेटिंग) मुळातच चालू असल्यानं अशा ठिकाणी जॉब थेट एरर देऊन थांबतो. हा बदल उशिरा झाला, पण योग्य झाला. आवृत्ती ३ वर असाल तर तो मोड स्वतः चालू करा. जॉब पडतात म्हणून ४ वर आल्यावर तो बंद करणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं.

आता हळूपणा. चार हजार चाळीस पोर्टवरचा स्पार्कचा यूआय (कामाची प्रगती दाखवणारं वेबपान) उघडा आणि अडकलेली स्टेज (जॉबचा टप्पा) पाहा. २०० पैकी १९९ टास्क (डेटाच्या एकेका भागाचं काम) वीस सेकंदांत संपलेले, एक मात्र चाळीस मिनिटं रखडलेला. हा आकडा योगायोगाचा नाही, शफलनंतरचे (मशीनमध्ये डेटाची फेरवाटणी झाल्यानंतरचे) भाग मुळात २०० च असतात. मशीन वाढवून इथे काही होत नाही. बहुधा लेफ्ट जॉइनच्या (डाव्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवून दोन टेबलं जोडण्याच्या) डाव्या बाजूला ग्राहक क्रमांक नसलेल्या लाखो ओळी असतात आणि त्या सगळ्या एकाच भागात जाऊन पडतात. त्या ओळी आधी वेगळ्या काढा, उरलेल्यांचा जॉइन करा, मग पुन्हा जोडा. दुसरं टेबल लहान असेल, तर ते ब्रॉडकास्ट करा, म्हणजे त्याची पूर्ण प्रत प्रत्येक मशीनवर पाठवा. मूळ मर्यादा १० एमबी आहे, ती मेमरी पाहून वाढवता येते. ३.२ पासून मुळातच चालू असलेलं अ‍ॅडॅप्टिव्ह एक्झिक्युशन (काम चालू असताना त्याची आखणी बदलणारी सोय) फुगलेले भाग फोडून बरीच मदत करतं, पण सगळ्याच प्रकारच्या जॉइनमध्ये नाही.

फायलींकडे सुरुवातीला कुणी बघत नाही. दर मिनिटाला २०० भाग लिहिणारा स्ट्रीमिंग (येणारा डेटा सतत घेत राहणारा) जॉब दिवसाला २,८८,००० फायली तयार करतो. एचडीएफएस या अनेक मशीनवर पसरलेल्या फाइल-साठ्याचा नेमनोड (फायलींची यादी सांभाळणारं मशीन) प्रत्येक फाइल आणि तिच्या प्रत्येक ब्लॉकसाठी (साठवलेल्या तुकड्यासाठी) ढोबळमानानं प्रत्येकी १५० बाइट मेमरी धरतो. म्हणजे रोज साधारण ८६ एमबी आणि वर्षाला ३० जीबीच्या वर, तेही फक्त नावनोंदणीसाठी. यावर उपाय सोपा आहे: रात्री एक जॉब लावून या बारीक फायली १२८ एमबीच्या आसपासच्या पार्केट (डेटा कॉलमनुसार साठवणाऱ्या) फायलींमध्ये एकत्र करायच्या. फोल्डर तारखेनुसार पाडा. ग्राहकानुसार पाडलेत, तर हाच घोळ पुन्हा ओढवून घ्याल.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडायला हवी: कलेक्ट ही आज्ञा देऊन सगळा निकाल ड्रायव्हरवर (जॉब चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रामवर) खेचणं. मुळातली मर्यादा १ जीबी आहे. ती ओलांडली, की जॉब रद्द होतो. मर्यादाच काढून टाकली, तर मेमरी संपून ड्रायव्हर बसतो. पायथनमध्ये स्वतः लिहिलेली फंक्शनंही जपून वापरा. प्रत्येक ओळ जेव्हीएममधून (स्पार्क ज्यात चालतो त्या जावाच्या यंत्रणेतून) पायथनकडे आणि परत अशी जाते-येते, आणि तेच काम करणारं तयार फंक्शन बहुतेकदा स्पार्कमध्येच असतं.

संघात यूआय वाचता येणारा किमान एक माणूस हवा. तो नसेल, तर मशीनची खरेदी अजून दोन-तीन महिने पुढे ढकला आणि तोवर एखाद्याला त्यात तयार करा.