पन्नाशीनंतर शिवणकामाकडे वळत असाल तर इंदूरचं हे मशीनचं दुकान नक्की बघा

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आहे. दुकान छोटंसंच, दोन्ही बाजूंना मशिनी आणि मधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट, पार्किंग अजिबात नाही, आणि रेट फिक्स, घासाघीस चालत नाही. एवढं आधीच सांगून टाकते कारण पुढे सगळं कौतुकच आहे.

मी बावन्न वर्षांची. इतकी वर्षं एका शाळेच्या ऑफिसात फीच्या पावत्या केल्या, ती शाळा बंद झाली, मग ठरवलं आता ब्लाउज शिवायचे, तेही चंदेरी आणि माहेश्वरीचे, कारण आपल्याकडे ह्या साड्या घरोघरी आहेत पण त्यावर नीट ब्लाउज शिवून देणारं पटकन सापडत नाही. नातेवाईक, शेजारी सगळे म्हणाले "कर की, छान आहे", पण त्या छानमध्ये काही दम नसतो हो, आपल्यालाही कळतं ते.

दुकानाचे मालक काका मराठीच आहेत. मी जुकी घ्यायला गेले होते, म्हणजे ती फॅक्टरीवाली, तर त्यांनी ती मला विकलीच नाही! म्हणाले, "ताई, दिवसाला एक-दोन ब्लाउज होणार ना, मग साधी मशीन घ्या मोटर लावून, ऑर्डरी वाढल्या की या, मी आहेच." मग मी नेलेला चंदेरीचा तुकडा तिथेच शिवायला लावला. शिलाईच्या कडेने बारीक चुण्या पडत होत्या. काकांनी १६ नंबरची जाड सुई काढून ११ ची बारीक घातली, वरच्या दोऱ्याचं टेन्शन जरा सैल केलं, टाका थोडा लहान केला आणि पुन्हा शिवायला सांगितलं, तर शिलाई अगदी सपाट. मग कापड उजेडाकडे धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हात सरळ आहे तुमचा. गळ्याच्या गोलाईवर मेहनत घ्या, बाकी हे काम पैसे घेऊन करण्यासारखं आहे."

मला हेच हवं होतं. जन्मभर शिलाई बघितलेल्या माणसाने काय चांगलं आणि काय कच्चं ते वेगवेगळं सांगितलं, म्हणून विश्वास बसला आणि शेजारच्या वहिनींकडून पहिल्यांदा शिलाईचे पैसे मागायची हिंमत झाली. नंतर काकांनी स्वतः फोन करून विचारलं, गळा कसा बसतोय म्हणून, बोला!

पीएम विश्वकर्मा योजनेचंही (केंद्र सरकारची, हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठीची) त्यांनीच सांगितलं. २०२३ मध्ये सुरू झाली, १८ कामांच्या यादीत शिंपीकाम आहे, वय १८ च्या वर पाहिजे आणि वरची मर्यादा नाही, ट्रेनिंगच्या काळात आपल्याला रोजचे ५०० रुपये मिळतात आणि टूलकिटसाठी, म्हणजे कामाच्या अवजारांसाठी, १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर. पण ती आधीपासून स्वतःचं काम करणाऱ्यांसाठी आहे, घरातल्या एकालाच मिळते आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर नाही. त्यामुळे काका म्हणाले आधी काम सुरू करा, मग कॉमन सर्व्हिस सेंटरवर जाऊन चौकशी करा.

सकाळी जा, काका तेव्हाच असतात. संध्याकाळी मुलगा बसतो, स्वभावाने चांगला आहे पण त्याला एवढा वेळ नसतो. आणि जे शिवणार आहात तेच कापड सोबत न्या, सुती तुकड्यावर सगळ्याच मशिनी छान चालतात.