सोनं गहाण ठेवावं की मोडावं?

क्रेडिट कार्डाची थकबाकी 2 लाख, व्याज महिना साडेतीन टक्के. म्हणजे नुसतं व्याजच 7 हजार, वर जीएसटी. अशा वेळी कपाटातल्या पाटल्यांकडे नजर जातेच.

गहाण ठेवल्या तर बँकेचं गोल्ड लोन वर्षाला 10 टक्क्यांच्या आसपास मिळतं. त्याच 2 लाखांवर महिन्याला सतराशेच्या आत व्याज, आणि पाटल्या आपल्याच राहतात. पण सोन्याच्या पूर्ण किमतीइतकं कर्ज मिळत नाही. शिवाय बरेच जण मुद्दलाला हात न लावता वर्षाअखेरी व्याज भरून नवं-जुनं करत बसतात. तेही थकलं की लिलावाची नोटीस.

मोडल्या तर सराफ घट धरतो, घडणावळ बुडते, दोन वर्षांहून जुन्या सोन्याच्या नफ्यावर 12.5 टक्के कर लागू शकतो. सासूबाईंची नाराजी वेगळीच! मात्र कर्ज संपतं, नवा हप्ता लागत नाही.

किराणा, फी, भाडं जाऊन महिन्याला 6-7 हजार उरत असतील तर गहाण परवडतं. काहीच उरत नसेल तर मी मोडच सुचवेन. पैसे हातात आले की त्याच दिवशी कार्डावर भरा आणि कार्ड बंद करायचा अर्जही देऊन टाका.