सोसायटी फॉर नॉटिकल रिसर्चचं सभासदत्व, दहा महिने वापरून: आधी दोन तारे, आता चार

वर्गणीचं आगाऊ नूतनीकरण करायला गेलो आणि कार्डाने तीनदा नकार दिला. त्यामुळे हिशेब दोन महिने आधीच मांडतोय. सागरी इतिहासाचा अभ्यास करणारी ही ब्रिटिश संस्था 1910 ची, तिचं त्रैमासिक ‘द मरिनर्स मिरर’ 1911 पासूनचं, आणि पोर्ट्समथच्या गोदीतलं ‘व्हिक्टरी’, म्हणजे इंग्रज नौसेनापती नेल्सनचं युद्धजहाज, वाचवण्यासाठी 1922 मध्ये निधी उभारणारी हीच, एवढं इथे बहुतेकांना ठाऊक असेल.

तीन महिन्यांनी लिहिलं असतं तर दोनच तारे दिले असते. वर्गणी पौंडात, अंक वर्षाला चार. मराठा आरमारासाठी, कुलाबा आणि विजयदुर्गासाठी पैसे भरलेल्या माणसाने उत्तर समुद्रातल्या बोटींच्या फळ्यांवर किती वाचायचं? दोन तारे वाढले ते जुन्या अंकांमुळे. 1911 पासूनचे अंक सभासदाला संगणकावर उघडतात. पण त्यात शोधायचं कसं, हे कळायला फार वेळ गेला. त्यामुळे पुढचा बराचसा मजकूर त्या एका शोधपेटीवर आहे, इलाज नाही.

आजच्या स्पेलिंगने कान्होजी आंग्रे, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग टाकलं की फारसं हाती लागत नाही. वाटतं, यांनी आपल्याबद्दल लिहिलंच नाही. लिहिलंय, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांच्या कानाला ऐकू आलं तसं. आंग्रे म्हणजे ‘अँग्रिया’, ए-एन-जी-आर-आय-ए. कान्होजी ‘कोनाजी’, सी पासून सुरू. विजयदुर्ग म्हणजे ‘घेरिया’, शेवटी एच लावून एकदा आणि न लावता एकदा. इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने फेब्रुवारी 1756 मध्ये कान्होजींचा मुलगा तुळाजी याचं आरमार जाळलं तो सगळा प्रसंग याच नावाखाली सापडतो. वेळ वाचवायला ए-एन-जी-आर पुढे तारांकन (म्हणजे पुढे कुठलीही अक्षरं चालतील ही खूण) मात्र लावू नका. ‘अँग्री’ म्हणजे रागावलेला. इंग्रजी आरमारातले झाडून सगळे चिडके कप्तान समोर येतात. आर नंतर आय घातला तरी ‘अँग्रिली’ सुटत नाही.

गुराबेचं, म्हणजे त्या काळच्या लढाऊ शिडाच्या जहाजाचं, तर विचारूच नका. स्पेलिंग जी-आर-ए-बी, म्हणजे इंग्रजीतलं हिसकावणं. एकटा शब्द टाकून उपयोग शून्य. जोडीला ‘गॅलिव्हॅट’, म्हणजे गलबत, टाका, दोन एल आणि एक एल असं दोन्ही करून. दोन्ही शब्द एकाच लेखात आले तर तो लेख बहुधा आपल्याच किनाऱ्याचा असतो. पातेमारी या मालवाहू शिडाच्या जहाजासाठी ‘पॅटामार’: टी एक, टी दोन, मधला स्वर ए किंवा आय, म्हणजे निदान चार फेऱ्या.

एकाच नावाच्या दोन जागा हा पुढचा सापळा. कुलाबा अलिबागचा की मुंबईचा, हे स्पेलिंगवरून कळत नाही, दोन्हीकडे सी-ओ-एल-ए-बी-ए. सोबत 1721 किंवा कमोडोर मॅथ्यूज हे नाव टाकलं की पोर्तुगीज आणि इंग्रजांची अलिबागवरची फसलेली संयुक्त स्वारी वेगळी होते. खांदेरीचं ‘केनरी’ होतं आणि कान्हेरीच्या लेण्यांचंही तसंच काहीतरी. तिथे ‘हेन्ड्री’ जोडा, म्हणजे उंदेरी. जोडनाव आलं की बेट नक्की. सुवर्णदुर्ग ‘सेव्हर्नड्रूग’ असतो. त्याच्याशी भलतंच मिळतंजुळतं ‘सॅव्हनड्रूग’ म्हणजे बंगळुरूजवळचा सावनदुर्ग, कॉर्नवॉलिसच्या फौजेने 1791 मध्ये घेतलेला डोंगरी किल्ला, त्याचा समुद्राशी काडीचा संबंध नाही. शिवाय लंडनच्या शूटर्स हिलवर ‘सेव्हर्नड्रूग’ याच नावाचा एक मनोरा उभा आहे. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग घेणाऱ्या विल्यम जेम्सच्या विधवेने तो 1784 मध्ये नवऱ्याच्या आठवणीत बांधला. त्यामुळे दापोली तालुक्यातला जलदुर्ग शोधताना इंग्लंडमधल्या बागेची वर्णनंही चाळावी लागतात!

मुंबईच्या गोदीचं काम त्या मानाने सोपं, पण अडचण तिथेही आहे. वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याने बांधलेल्या जहाजांची नावं गावांची किंवा लाटसाहेबांची. ‘कॉर्नवॉलिस’ टाकलं की आधी गव्हर्नर जनरल येतो. 1813 हे जहाज पाण्यात सोडल्याचं वर्ष जोडा. ‘ट्रिंकोमाली’ टाकलं की श्रीलंकेचं बंदर येतं, 1817 जोडा. हे सागवानी जहाज आज हार्टलपूलला पाण्यावर आहे. विसाव्या शतकातल्या मजकुरात मात्र ते ‘फूड्रॉयंट’ नावाने सापडतं, कारण 1897 मध्ये विकलं गेल्यावर त्याचं नाव बदललं आणि जुनं नाव परत मिळालं ते थेट 1990 च्या दशकात. त्यातही मेख आहे: मूळचं ‘फूड्रॉयंट’ नेल्सनचं, आणि ते 1897 मध्ये ब्लॅकपूलला फुटलं. लेखात नेल्सन दिसला तर तो बहुधा दुसऱ्याच जहाजाचा.

एवढं करून लेख मिळाला तरी तारखा तपासल्याशिवाय टिपून घेऊ नका. इंग्रज 1752 पर्यंत जुनं पंचांग वापरत आणि त्यांचं वर्ष 25 मार्चला सुरू होई. पोर्तुगीज 1582 पासूनच नव्या पंचांगावर. म्हणून 1721 च्या स्वारीत तोच दिवस पोर्तुगीज कागदात इंग्रजांच्या अकरा दिवस पुढे असतो. खांदेरीच्या 1679 च्या लढाईत हा फरक दहा दिवसांचा. जानेवारी ते मार्चच्या इंग्रजी नोंदीत वर्षही एकने कमी असू शकतं. तिरकी रेघ मारून दोन वर्षं दिली असतील तर दुसरं धरा. मराठी साधनांशी ताळा जुळत नाही म्हणून इंग्रजी पत्रच खोटं ठरवणारे बरेच भेटतात, ते इथे चुकतात.

यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईचा एक सर्वसाधारण दोष: ओळीच्या टोकाला तुटलेला शब्द शोधात येत नाही. ‘सेव्हर्नड्रूग’सारखं लांब नाव हमखास तुटतं. त्याचा शेवटचा अर्धा तुकडा, डी-आर-ओ-ओ-जी, एकटा टाकून बघा. सगळेच दुर्ग येतील, पण चुकलेलाही येईल.

छापील अंकाबद्दल थोडक्यात. कागद चांगला, पण कोकणात पावसाळ्यात आलेला अंक वेष्टनात तसाच ठेवू नका. आतला दमटपणा कोंडतो आणि गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात. चिकटलीच तर ओढू नका, फाटतात.

आता पैसे. कार्डावर परदेशी चलनाचा अधिभार साडेतीन टक्के असेल तर त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून 4.13 टक्के जातात. वर्गणीच्या मानाने किरकोळ, पण दरवर्षी टोचतात. काही कार्डांवर हा अधिभार दोन टक्के किंवा त्याहून कमी असतो, आधी विचारून घ्या. फक्त गोष्टी ऐकायच्या असतील तर वर्गणी भरूच नका, संस्थेचं पॉडकास्ट फुकट आहे. मूळ कागदपत्रं छापलेली हवी असतील तर 1893 ची नेव्ही रेकॉर्ड्स सोसायटी जास्त उपयोगी, तिचा भर त्यावरच आहे. आणि मुंबईत 1978 पासून व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींनी सुरू केलेली मॅरिटाइम हिस्टरी सोसायटी असताना आधी तिच्याकडे बघावं, हेही खरं. पण शंभराहून जास्त वर्षांचे अंक घरबसल्या चाळायचे तर आपल्याला हेच परवडतं.

कार्डाचा नकार शेवटी उलगडला तो असा: आपल्याकडे 2020 पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतो, नवीन कार्ड आलं की पुन्हा चालू करावा लागतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो चालू करा, मर्यादा वर्गणीहून हजारभर रुपयांनी जास्त ठेवा, कारण पौंडाचा भाव मधल्या मधे वर जातो. पैसे कापल्याचा निरोप आला की बंद करून टाका.