52 सीसी ग्रास कटर: 14 महिने वापरल्यावर (त्यातले दोन महिने नुसत्या शिव्या घातल्यावर)

जुलै 2024 ला घेतला. टू स्ट्रोक, 52 सीसी, खांद्याला पट्टा लावून चालवायचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या रेंजमधली बरीचशी मशीनं आतून सारखीच असतात आणि मला जो त्रास झाला तो निम्मा माझ्याच करणीचा होता. बाग राजापूर तालुक्यात, आंबा-काजू मिळून पावणेदोन एकर, सगळा जांभा आणि उतार. पहिलं वर्ष इतकं मस्त गेलं की मी चार जणांना हेच घ्या म्हणून सांगितलं, आणि त्यातल्या दोघांनी घेतलं, आता ते मला फोन करतात.

जून 2025 मध्ये बाहेर काढला तर पंधरा-वीस वेळा दोरी ओढून कसाबसा चालू झाला, पण चोक लावलेला असेल तोवरच चालायचा. चोक उघडला की दोन-तीन सेकंद घरघर आणि बंद. खांदा भरून आला पण मशीन काही ऐकेना. मी आपला प्लग बदलला, एअर फिल्टरचा स्पंज धुतला, परत तेच. खरं तर तिथेच कळायला हवं होतं की चोक लावल्यावर चालतंय म्हणजे हवा कमी केली की चालतंय, म्हणजेच पेट्रोल कमी पोचतंय, प्लगचा काय संबंध. हेच उलट असतं, म्हणजे प्लग काढल्यावर काळा आणि ओला निघाला असता, तर पेट्रोल जास्त होतंय असं समजायचं. माझा प्लग कोरडा ठणठणीत होता.

चूक काय होती तर नोव्हेंबरात बेणणी (बागेतलं गवत काढणं) संपल्यावर टाकीत अर्धा लिटर मिक्स, म्हणजे ऑइल मिसळलेलं, पेट्रोल तसंच ठेवून मी मशीन पडवीत टांगलं होतं. सात महिने. आता पंपावर जे मिळतं ते ई20, त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यात आपली कोकणातली हवा. मशीनबरोबर जी दोन खुणांची मिक्सिंगची बाटली येते ना, त्यात उरलेलं पेट्रोल उजेडात धरून बघितलं तर तळाशी वेगळा थर सरळ दिसत होता. ते मी टाकीत ओतणार होतो!

मग कार्ब्युरेटर उघडला. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त खाली पांढरं फडकं अंथरा, बारीक वस्तू गवतात पडली की गेलीच. जुन्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरसारखा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, यात नसतो, रबराचा पातळ पडदा असतो, डायफ्राम, तो इंजिनच्या ओढीने वरखाली होतो आणि बारीक सुई उघडून पेट्रोल सोडतो. म्हणून तर मशीन आडवंतिडवं केलं तरी चालतं. माझा पडदा बोटांत धरून हलवला तर टकटक वाजला, वाळलेल्या आंबोशीसारखा कडक. नवा आणला तो मऊ, दाबला की मुकाट आत जातो. शिवाय पेट्रोल जिथून आत येतं तिथे नखाएवढी गोल जाळी असते, ती चिकट पिवळ्या थराने जवळपास बंद. डायफ्राम-गॅस्केटचा किट दीडशे रुपयांत मिळाला, टाकीतला फिल्टर तारेचा आकडा करून बाहेर ओढून बदलला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला चालू. तेव्हा मी स्वतःला मेकॅनिक समजायला लागलो.

ते काही फार दिवस टिकलं नाही. ऑगस्टमध्ये नवीनच थेर. मस्त चालू व्हायचं, दहा-बारा मिनिटं गवत कापायचं, मग आवाज जरा चढायचा आणि गचकन बंद. लगेच ओढलं तर काही नाही. पाच-दहा मिनिटं झाडाखाली बसून चहा घेतला की परत चालू. पुन्हा दहा मिनिटं. एका कलमाच्या अळ्यातलं गवत काढायला सकाळ जायची.

तालुक्याला दाखवलं तर तिथल्याने न उघडताच सांगितलं, गरम झाली की कॉईल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) सोडतेय, बदलावी लागेल, हजार-बाराशे. पटण्यासारखं होतं, कारण कॉईल खराब असली तरी असंच होतं, गरम झाली की ठिणगी बंद, गार झाली की परत. बदलून घेतली. घरी आलो, दहा मिनिटांत बंद.

शेवटी निदान केलं ते शेजारच्या बागेत रोजाने गवत मारायला येणाऱ्या पोराने. मशीन बंद पडलं तसा तो आला, काही न बोलता आधी खालचा तो पारदर्शक रबरी फुगा बघितला, प्राइमर. तो आत चेपलेला होता, दाबून सोडला तरी फुगेना. "काका, झाकण ढिलं करा बघू." टाकीचं झाकण अर्धा आटा फिरवलं आणि फुस्स करून हवा आत गेली, फुगा आपोआप वर आला, पहिल्या ओढीला चालू. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला झाकणात बारीक भोक असतं, ते चिखल आणि गवताच्या चोथ्याने बुजलं होतं. आत हवा नाही तर पेट्रोल येणार कुठून. झाकण साबणाच्या पाण्यात धुतलं, भोकाच्या रबराला धक्का न लावता फुंकर मारून साफ केलं. खर्च शून्य. बाराशेची कॉईल त्यात गेली ती गेली.

तेव्हा कॉईल बदलायच्या आधी एवढं करा: बंद पडल्या पडल्या झाकण उघडून बघा. त्यानेही चालू झालं नाही तर गरम असतानाच प्लग काढून, टाकीपासून लांब, सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवून दोरी ओढा. ठिणगी दिसली तर कॉईल ठीक आहे, सांगणाऱ्याला नमस्कार करून परत या.

बाकी मशीनबद्दल. ताकद भरपूर, रानमोडीचं झुडपी तण सुद्धा तीन पात्यांच्या ब्लेडने सपासप जाते. पण जांभ्यात ब्लेड लागलं की खडा गोळीसारखा उडतो, गॉगल घातल्याशिवाय चालवू नका, माझ्या पायाला वण आहे. लहान कलमांजवळ ब्लेड काढून गवत कापायची नायलॉन दोरी वापरतो, तीही हात जपून, साल सोलली तर झाड जातं. व्हायब्रेशन मात्र फार, तासाभराने बोटं बधिर होतात. पेट्रोलही चांगलं पितं. ऑइल माझ्या पुस्तकात लिटरला 40 मिली आहे, तेवढंच मापून घालतो, अंदाजाने नाही. मिक्स आता एका वेळी एकच लिटर करतो आणि दिवस संपला की टाकी ओतून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो.

सध्या एकच कुरबुर आहे, आयडलिंगला नीट चालतं पण फुल रेस घेत नाही. सायलेन्सरमधल्या जाळीत कार्बन धरला असावा असं वाटतंय. तिचा एक स्क्रू गंजून बसलाय, खोबरेल टाकून ठेवलंय, निघाला की लिहितो.