पंचगंगेत प्लवकांचं सॅम्पलिंग: थंडीत, उन्हाळ्यात की पावसाळ्यात?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला नदीतले प्लवक (पाण्यात तरंगणारी बारीक शेवाळं आणि सूक्ष्म प्राणी) घेतले की पहिला प्रश्न ठरलेला, सॅम्पल कधी काढायचं, कारण हातात जेमतेम चार-पाच महिने असतात आणि सरांना तर वर्षभराचा डेटा हवा असतो. मी कोल्हापूरच्या पंचगंगेवर काम केलंय म्हणून तिचंच सांगतो, बंधारे असलेल्या बाकी नद्यांना पण बरंचसं लागू पडेल.

आधी कॅलेंडर बाजूला ठेवा. पंचगंगेला ऋतू दोनच, बरगे (पाणी अडवायला बंधाऱ्याच्या गाळ्यांत घालायच्या फळ्या) घातलेले आणि बरगे काढलेले. पाऊस संपला की कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे बसतात आणि वाहती नदी म्हणजे एकापुढं एक तळी होऊन जाते, मग कोण जगणार ते पाणी किती थांबतंय यावर ठरतं. डायटम म्हणजे एकपेशीय शेवाळं, त्यांच्या अंगावर सिलिकाचं कवच, म्हणजे जवळपास काचच, जड असतात बिचारे, पाणी घुसळत राहिलं तर तरंगतात नाहीतर तळाला बसतात. मायक्रोसिस्टिससारख्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं उलटं, त्याच्या पेशींत गॅसच्या बारीक पोकळ्या असतात, पाणी थांबलं की हे वर येऊन ऊन खात बसतं. प्राणीप्लवकांत सगळा खेळ वेळेचा, रोटिफर या सूक्ष्म प्राण्याची मादी नराशिवाय अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत नवीन पिढी तयार, पण सायक्लॉप्सला (कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव) पिल्लाचा मोठा व्हायला काही आठवडे लागतात, वाहत्या पाण्यात तेवढ्यात तो नरसोबाच्या वाडीला पोचून कृष्णेत पण गेलेला असतो.

आता थंडी. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी निवळलेलं असतं, सेकी डिस्क (पाणी किती नितळ ते बघायला दोरीनं सोडायची चकती) बऱ्यापैकी खोल दिसते, स्लाइड स्वच्छ येते, डायटम भरपूर आणि सोबत हिरवी शेवाळं. पहिल्यांदाच ओळखायला शिकत असाल तर डोळे झाकून हेच महिने घ्या. फक्त थंडीतली नदी म्हणजे स्वच्छ नदी असं रिपोर्टमध्ये लिहू नका, उसाचा गळीत हंगाम याच दिवसांत जोरात असतो, म्हणजे साखर कारखान्यांचं सांडपाणी आलं, आणि वरून शहराचं सांडपाणी बारा महिने आहेच.

उन्हाळा म्हणजे आकडे मोठे पण डोकेदुखी पण मोठी. मार्च ते मे पाणी कमी, गरम, नायट्रेट-फॉस्फेट साठलेलं, त्यामुळं निळी-हिरवी शेवाळं, युग्लिनासारखे शेपटीनं पोहणारे एकपेशीय जीव, ब्रॅकिओनससारखे रोटिफर यांची चंगळ असते. प्रदूषणावर विषय असेल तर उन्हाळ्याला पर्याय नाही. पण २० अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि ३० अंशाला साडेसातच, त्यात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळेच तो खातात, म्हणजे दुपारी घेतलेली रीडिंग बघून नदी ठणठणीत वाटेल आणि पहाटे तिथंच मासे तोंड वर काढत असतील. तेव्हा वेळ एकच ठरवा, रोज तीच. दुसरं, वाऱ्यानं शेवाळाचा थर एका काठाला लोटला जातो, काठावर बसून बाटली बुडवली तर आकडा कायच्या काय येतो (माझा आला होता, पूर्ण महिना वाया). केंदाळ पसरलं असेल तर त्याच्या खाली ऊनच पोचत नाही, तिथलं सॅम्पल वेगळंच धरा.

पावसाळा फक्त हौशी लोकांनी घ्यावा असं माझं मत. गढूळ पाण्यात उजेड नाही, प्रवाह सगळं धुऊन नेतो, मोजायला मिळतं फारच थोडं आणि जाळी गाळानं तुंबते. जे मिळतं त्यातलं बरंचसं नदीचं नसतंच, दगडांवरून खरवडलेले डायटम, ओढ्या-तळ्यांतून वाहून आलेली शेवाळं. म्हणून पामरचा १९६९ चा इंडेक्स (कुठली शेवाळं सापडली त्यावरून प्रदूषणाला मार्क देणारा) जुलैच्या सॅम्पलला लावताना जपून, त्यात नॅव्हिक्युला, नित्झिया या डायटमना मार्क आहेत, २० किंवा त्याहून जास्त स्कोर म्हणजे सेंद्रिय प्रदूषण जास्त, पण ती दगडावरची मंडळी पुरानं आणलेली असू शकतात. आणि कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, पाणी चढायला लागलं की घरी बसा.

जागेचं म्हणाल तर वरच्या अंगाला भोगावतीचा (पंचगंगेला मिळणारी नदी) वाहता पट्टा आणि खाली बंधाऱ्याआड थांबलेलं पाणी, या दोन जागा एकाच दिवशी केल्या तर एका जागेच्या बारा महिन्यांपेक्षा जास्त सांगता येतं, कारण ऊन-तापमान जवळपास सारखंच आणि फरक राहतो तो पाण्याच्या थांबण्याचा आणि शहराच्या घाणीचा, आता हे दोन एकमेकांत मिसळतात ते खरं, म्हणून जमलं तर शहराच्या वरच्या बाजूचा एखादा बंधारा तिसरी जागा म्हणून घ्या.

मला आज निवडायला सांगितलं तर मी फेब्रुवारीला सुरू करून बरगे निघेपर्यंत दर पंधरा दिवसांनी जाईन, आणि बरगे काढायच्या आधी दोन दिवस आणि नंतर आठवडाभर रोज. थांबलेल्या पाण्यात वाढलेली प्लवकांची सगळी वस्ती एकदम हलते, ते बघायला मिळतं. सॅम्पल टिकवायला त्यात ल्युगॉल (आयोडिनचं द्रावण) चहाच्या रंगाइतकंच घाला. बरगे निघायची तारीख मात्र ऑफिसात विचारत बसू नका, बंधाऱ्यावर ज्याची मोटर आहे त्या शेतकऱ्याला विचारा, पाणी उतरलं की पाईप उघडा पडतो म्हणून त्याला ती सगळ्यात आधी कळलेली असते.