व्हायकिंगांची जहाजं बघायची की त्यांनी गाठलेला किनारा?

व्हायकिंगांच्या, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दी लोकांच्या समुद्रप्रवासांचं वेड लागलेल्या माणसापुढे खरी निवड दोन ठिकाणांत असते: त्यांची जहाजं ठेवलेलं डेन्मार्कमधलं रॉस्किल्डचं संग्रहालय आणि त्यांची वस्ती सापडली ते कॅनडातलं लान्स ओ मेडोज. (नॉर्वेत ओस्लोचं व्हायकिंग जहाजांचं प्रसिद्ध संग्रहालय नव्या इमारतीच्या कामासाठी २०२२ मध्ये बंद झालं. ते उघडलं की नाही, हे पाहूनच त्याचा विचार करा.) दोन्ही एकाच सुट्टीत बसत नाहीत. व्हिसा वेगळा, खर्च वेगळा, खंडच वेगळा.

रॉस्किल्ड सोपं आहे. कोपनहेगनहून आगगाडीने अर्धा तास. १०७० च्या सुमारास शत्रूची जहाजं खाडीतून आत येऊ नयेत म्हणून तिथल्या लोकांनी जुनी जहाजं दगड भरून वाटेत मुद्दाम बुडवली. १९६२ मध्ये भोवती बांध घालून, पाणी उपसून ती बाहेर काढली. जहाजं पाच, पण क्रमांक सहापर्यंत जातात, कारण चौथं म्हणून मोजलेलं दुसऱ्याचाच तुकडा निघालं!

बहुतेक लोक तीस मीटर लांबीच्या युद्धनौकेपाशी रेंगाळतात. डब्लिनमध्ये बांधलेली ती नौका देखणी आहेच. पण दूरच्या देशांची गोष्ट कळायला हवी असेल, तर पहिल्या क्रमांकाच्या जहाजापाशी थांबा. सोळा मीटर लांबीचं, फुगीर पोटाचं, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाइनच्या लाकडात बांधलेलं हे मालवाहू जहाज. फळीवर फळीची कड चढवून लोखंडी रिव्हेट ठोकलेले, सांध्यांत डांबरात भिजवलेली लोकर. आइसलंड-ग्रीनलंडला माणसं, गुरं, धान्य पोचवलं ते अशा जहाजांनी. लुटारूंच्या लांबलचक नौका त्या कामाच्या नव्हत्या. सहा-आठ खलाशी, वीस टनांहून जास्त माल, आणि डोक्यावर छप्पर नाही. अटलांटिकचा पाऊस सरळ अंगावर.

बाहेर धक्क्यावर याच जहाजांच्या प्रतिकृती उभ्या असतात, उन्हाळ्यात स्वतः वल्ही मारून खाडीत फिरताही येतं. मुलं सोबत असतील तर पुढचं वाचायची गरज नाही, इथेच जा. फक्त जहाजांचं सभागृह जुनं झालंय, २०१३ च्या वादळात खाडीचं पाणी त्याला भिडलं होतं आणि नव्या इमारतीची योजना आहे. तेव्हा तिकिटं काढण्याआधी सध्या काय उघडं आहे ते बघा.

लान्स ओ मेडोज न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला आहे, आणि स्पष्टच सांगायचं तर तिथे बघायला फार काही नाही. गवताने झाकलेले उंचवटे, शेजारी मातीच्या ढिपांची पुन्हा उभारलेली घरं, पलीकडे थंडगार समुद्र. १९६० मध्ये नॉर्वेचे संशोधक हेल्गे इंगस्टाड व्हायकिंग वस्तीचा शोध घेत आले, तेव्हा गावातल्या जॉर्ज डेकर यांनी त्यांना हे उंचवटे दाखवले. त्यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ आन स्टीन इंगस्टाड यांनी तिथे उत्खनन केलं. आठ इमारतींचे अवशेष, लोखंड गाळायची जागा, कपड्याला लावायची काशाची पिन आणि सूत कातायच्या चातीची दगडी चकती सापडली. म्हणजे बहुधा बायकाही सोबत होत्या.

मला सगळ्यात भारी वाटतात ते तिथे सापडलेले बटरनट, अक्रोडाच्या जातीची फळं. ती न्यूफाउंडलंडमध्ये उगवतच नाहीत. त्यासाठी बरंच दक्षिणेला जावं लागतं. म्हणजे ही वस्ती मुक्काम नव्हता, पुढे जाण्याचा तळ होता. कधीचा? ९९३ च्या सौरवादळाची खूण लाकडाच्या वर्तुळांत शोधून आणि तिथून पुढची वर्तुळं मोजून संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की इथली झाडं १०२१ साली तोडली गेली. कोलंबसाच्या पावणेपाचशे वर्षं आधी.

भारतातून निघत असाल तर माझं मत रॉस्किल्डला. इतका प्रवास करून चार उंचवटे पाहिले की घरचे बोलतील. टोरांटो-माँट्रियलकडे राहणाऱ्या आणि वाचून आलेल्या माणसाने मात्र लान्स ओ मेडोजलाच जावं, जून ते सप्टेंबरमध्ये. बाकी वर्ष ते बहुतेक बंदच असतं. डीअर लेकच्या विमानतळावरून भाड्याची गाडी घ्या, साधारण पाच तास. जवळच नॉर्स्टेड या व्हायकिंग गावाच्या प्रतिकृतीत १९९८ मध्ये ग्रीनलंडहून इथवर आलेली जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे, ती चुकवू नका. आणि अंधारात गाडी चालवू नका. त्या रस्त्यावर मूस नावाची प्रचंड हरणं येतात आणि टक्कर झाली तर गाडीचं काही खरं नाही.